वरचा करार सरला तेव्हा

आमच्या घरात ‘त्या तीन वेली’ एवढं म्हटलं की पुरे, पुढे काही सांगावं लागत नसे. वेली हे तंजावरकडचं जमिनीचं जुनं माप. वीस मा म्हणजे एक वेली, सहा एकर आणि वर एकराचे दोन तृतीयांश. तीन वेलींचे वीस एकर भरतात. गोविंदपुरम् गावापासून पायी जाण्याच्या अंतरावर, कावेरीच्या पाटाखाली ही जमीन होती. कुरुवै आणि ताळडि अशी भाताची दोन पिकं तिच्यात निघत. घरात तिचा उल्लेख ‘आपली जमीन’ असा होई, पण मालकी आमची कधीच नव्हती. मालकी एका धर्मसंस्थेची. पणजोबांनी ती संस्थेकडून कुत्तगैनं, म्हणजे दरसाल ठरावीक धान्याच्या खंडानं, मुदतीच्या करारावर घेतली होती. त्यांनी ती पुढे शेजारच्या वाडीतल्या एका कुटुंबाला उळ्कुत्तगैनं, म्हणजे पोटखंडानं, दिली. नांगर त्या कुटुंबाचा, बैल त्यांचे, चिखलात पाय त्यांचे. मळणीच्या दिवशी मरक्कालाच्या मापानं भात मोजून घ्यायला मात्र आमच्या घरचा माणूस खळ्यावर उभा असे.

महाराष्ट्रात अशा कुटुंबाला पोटकूळ म्हणतील. त्या पोटकुळाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं अजून त्याच गावात आहेत.

गोविंदपुरम् हे कुंभकोणम-मायवरम् रस्त्यावरचं गाव, तिरुविडैमरुदूर आणि आडुतुरै यांच्या मधलं. महाराष्ट्रातून यात्रेला जाणारी मंडळी हल्ली तिथे विठ्ठल-रुक्मिणीच्या भव्य देवळासाठी थांबतात. त्याचा कुंभाभिषेक २०११ साली झाला. गावाची जुनी ओळख मात्र बोधेंद्र सरस्वतींच्या समाधीची. कांची कामकोटी पीठाच्या परंपरेत ते एकोणसाठावे आचार्य मानले जातात, आणि नामस्मरणाचा मार्ग या मुलखात त्यांनी रुजवला असं सगळे सांगतात. आजी समाधीची कथा सांगायची ती अशी. कावेरीला पूर आला, पात्र सरकलं आणि समाधी वाळूखाली गेली. कुठे गेली ते कुणाला कळेना. पुढे कितीतरी वर्षांनी मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी आले. ते कोरड्या वाळूला कान लावत फिरले, आणि एका जागी त्यांना जमिनीतून रामनाम ऐकू आलं. तंजावरच्या भोसले राजानं मग नदीचा ओघ बाजूला काढून दिला आणि समाधी पुन्हा बांधली गेली.

मी लहानपणी विचारायचो, नदी बाजूला काढली तेव्हा जी जमीन उघडी पडली ती कोणाची झाली? आजी म्हणायची, ‘राजाची. मग राजानं दिली त्याची. मग त्यानं कसायला दिली त्याची.’ तिच्या उत्तरात जमीन वरून खाली येत असे. या मुलखात नदी आणि बांध यांच्या मधल्या गाळाच्या पट्ट्याला पडुगै म्हणतात. तिथली केळी आणि भाजीपाला यांवरून होणारे वादही याच वाटेनं जातात: ज्याच्या नावावर आहे तो एक, ज्यानं मक्ता घेतला तो दुसरा, आणि ज्याचा घाम तिथे पडतो तो तिसरा.

ही उतरंड भोसल्यांनी इथे आणली नाही. ती त्यांच्या आधीपासून होती, त्यांनी तिच्यावर आपली मांड घातली. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ मध्ये तिरुविशनल्लूर गाव शहाजीराजपुरम् या नावानं विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं. गोविंदपुरम्‌हून ते काही फार दूर नाही. अग्रहार मिळालेल्या विद्वानांनी नांगर धरला नाही, धरणारही नव्हते. त्यांचे वाटे, इकडच्या भाषेत पंगु, खाली कुणीतरी कसत होता. मिरासदार हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. तंजावरातही जमिनीचा वंशपरंपरागत धनी मिरासदारच, आणि त्याच्याखाली बाहेरून येऊन कसणारा तो परकुडी. परकुडीचं नाव गावाच्या दप्तरात क्वचितच येई. दप्तर सरकारदेण्यासाठी होतं, आणि सरकारदेणं देणारा मिरासदार होता.

आमचे पूर्वज दरबाराच्या कुठल्यातरी लहानशा चाकरीत होते. चाकरी नेमकी कोणती यावर घरात दोन मतं होती. ती संपली कशी, यावर मात्र एकच मत होतं, आणि थोरले आजोबा ते सांगायला बसले की त्यांचा आवाज बदलत असे. थोरले आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे वडील बंधू. १८५५ च्या ऑक्टोबरात तंजावरचे शिवाजीराजे वारले. त्यांना पुत्र नव्हता. त्यांच्या वडिलांनी, सरफोजीराजांनी, १७९९ च्या तहात राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिलाच होता. भोसल्यांकडे किल्ला, वाडा, मान आणि तनखा एवढंच उरलं होतं. आता कंपनीनं सांगितलं की राजपद खालसा झालं. आणि मग राज्याबरोबर राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली.

थोरल्या आजोबांनी हे त्यांच्या आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ते आजोबा त्या वेळी पोरसवदा होते. त्यांना आठवत होती ती भीती. वाड्यावर जगणारी शेकडो घरं. कोणाला सर्वमान्य, म्हणजे सारामाफीची, जमीन, कोणाला अन्नछत्रातून शिधा, कोणाला महिन्याचा पगार. ज्याच्या शब्दावर हे सगळं उभं होतं तो शब्द संपला, तर खालच्यांचं काय? माणसं एकमेकांना विचारत होती आणि उत्तर कोणाकडेच नव्हतं. राजांच्या थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, आणि १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला. राज्य ताब्यात घेणं ही राज्यसत्तेची कृती आहे, ती न्याय्य होती की अन्याय्य हे तपासण्याचा कोर्टाला अधिकार नाही, असा त्याचा आशय. हिंदुस्थानातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो खटला अजून शिकवतात. पुढे १८६२ मध्ये सरकारनं राण्यांना मालमत्ता परत केली, पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

‘हक्क आणि मेहेरबानी यांत किती अंतर आहे ते त्या सात वर्षांत आपल्या माणसांना कळलं,’ असं थोरले आजोबा म्हणत. मी हे वाक्य त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. त्याचा संबंध तीन वेलींशी आहे हे त्यांनी मला शेवटी शेवटी सांगितलं.

आता आजीची बाजू. आजीच्या तोंडी त्या जमिनीची सगळी हकीकत एका वाक्यात असे: ‘ठेवलेल्या माणसानं जमीन ठेवून घेतली.’ तिला लोभी म्हणणं अन्यायाचं होईल. घरात एका माणसाचा शिक्षकाचा पगार, खाणारी तोंडं अकरा, आणि वर्षाचा तांदूळ तीन वेलींतून यायचा. संस्थेचा खंड भरून जे उरे ते आमचं. नवरात्रातल्या पाहुण्यांचं जेवण त्यातून, मुलींची लग्नं त्यातून. तो तांदूळ यायचा थांबला तेव्हा बाजारातून तो विकत आणायची पाळी तिच्यावर आली, आणि त्या वर्षापासून ती खळ्याच्या बाजूच्या वाटेनं देवळात जायची थांबली.

थोरल्या आजोबांची बाजू वेगळी. ते म्हणत, ‘आपण मधले. मधल्याला मुदत असते.’

करार सरला तो १९५७-५८ च्या सुमाराला. त्याच्या आधीची पुष्कळ वर्षं या जिल्ह्यात जमीन पेटलेली होती. १९४० च्या दशकात पूर्व तंजावरात लाल बावट्याच्या शेतकरी संघटना उभ्या राहिल्या. पण्णैयाळ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एका मिरासदाराच्या दाराशी बांधलेले शेतमजूर, आणि वाट्यानं कसणारी कुळं संपाला बसू लागली. या वारम्, म्हणजे वाट्याच्या, पद्धतीत पुष्कळ ठिकाणी कसणाऱ्याच्या हाती पिकाचा चौथा किंवा पाचवा हिस्सा येई. बी त्याचं, बैल त्याचे, आणि हिस्सा पाचवा. १९५२ च्या ऑगस्टमध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळानं फक्त तंजावर जिल्ह्यापुरता एक वटहुकूम काढला, त्याचाच पुढे तंजावर कुळे व पण्णैयाळ संरक्षण कायदा झाला. कुळाचा वाटा दोन पंचमांशांवर आला आणि त्याला पाच वर्षांची मुदत मिळाली. एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला यावरूनच तिथलं दुखणं किती खोल होतं ते समजावं. १९५५ मध्ये सबंध मद्रास राज्यासाठी कसणाऱ्या कुळांच्या संरक्षणाचा कायदा आला. १ डिसेंबर १९५३ रोजी जो जमीन कसत होता आणि ज्याला नंतर हुसकावलं गेलं, त्याला जमीन परत मागण्याचा हक्क त्यानं दिला. १९५६ मध्ये रास्त खंडाचा कायदा झाला आणि ओलिताच्या जमिनीवर मालकाचा वाटा ४० टक्क्यांवर थांबला. पुढे तो २५ वर आला.

या १९५५ च्या कायद्यात ‘कसणारं कूळ’ म्हणजे कोण याची जी व्याख्या आहे, ती मी पुष्कळ वेळा वाचली आहे. आमच्या घरातली भांडणं तिथे सरकारी भाषेत लिहून ठेवली आहेत असं मला वाटतं. दुसऱ्याच्या जमिनीवर जो स्वतःच्या किंवा घरच्या माणसांच्या अंगमेहनतीनं शेती करतो, तो कूळ. करार संपल्यावरही जो ताब्यात राहिला, तोही कूळ. असं कष्ट करणारं पोटकूळ, तेही कूळ. आणि मग ते वाक्य: ज्यानं पोटकुळाला जमीन दिली त्याचा स्वतःचा ताब्याचा हक्क संपला, तरीही जमिनीवर राहिलेलं ते पोटकूळ, तेही कूळच. शेवटी एक अपवाद: जो नुसता मध्यस्थ आहे, तो आणि त्याचे वारस, हे कूळ नव्हेत.

पोटकुळाबद्दलचं ते वाक्य किती मोठं आहे हे कळायला त्याच्या आधी काय होतं ते पाहावं लागतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा हिशेब सरळ होता. ज्याच्या हातात जितकं, तितकंच तो पुढे देऊ शकतो. मूळ पट्टेदाराची मुदत भरली की त्याच्याखालचा पोटपट्टाही सरला. मूळ पट्टेदारानं आपण होऊन पट्टा मालकाला परत केला, तर मात्र पोटपट्ट्याला धक्का लागत नाही, असं कलम ११५ सांगतं. पण त्यानं अटी मोडल्या आणि पट्टा जप्त झाला, तर पोटभाडेकरूही रस्त्यावर. मालकानं ती जप्ती पोटभाडेकरूला फसवण्यासाठीच घडवून आणली असेल, किंवा कोर्टानं मूळ पट्टेदाराला जप्तीतून सोडवलं असेल, तर गोष्ट वेगळी. शेतीच्या पट्ट्यांना त्या कायद्याचं हे प्रकरण आपोआप लागू होत नाही हे खरं, पण गावोगावचे मालक आणि त्यांचे वकील विचार याच रीतीनं करत. वरची कडी तुटली की खालची साखळी पडली. त्यात मधल्या कडीनं चूक केली की मालकानं डाव टाकला, हे खालच्याला कळायचाही मार्ग नसे. त्यानं फक्त पेरलेलं असायचं.

मद्रासच्या कायद्यानं साखळी उलटी धरली. वर कोण आहे हे नंतर बघू, आधी जमिनीत कोण उभा आहे ते सांगा.

संस्थेच्या कारभाऱ्यांनी करार पुढे वाढवला नाही. त्यांना जमीन मोकळी हवी होती, ती दुसऱ्या एका वजनदार माणसाला द्यायची होती. आमच्या घरी निरोप आला: खळं, बांध, पाट सगळं मोकळं करून ताबा द्यावा. थोरल्या आजोबांनी कुळाला बोलावलं. ते कूळ म्हणजे माझ्या वडिलांच्या आठवणीत खांद्यावर टॉवेल टाकून पायऱ्यांच्या खाली उभं राहणारा, कधी ओसरीवर न बसलेला माणूस. तो म्हणाला, ‘सामी, तुमचा कागद संपला. माझं काय संपलं ते मला कोणी सांगितलेलं नाही.’ वडील तेव्हा शाळेत जात होते. त्यांनी हे दारामागून ऐकलं, आणि म्हातारपणापर्यंत तसंच सांगितलं.

प्रकरण कुंभकोणमच्या महसूल अधिकाऱ्यापुढे गेलं. कायद्यानं कूळ काढायचं तर त्याच्यासमोरच अर्ज करावा लागे, आणि खंड थकवणं, जमिनीची नासाडी करणं, कसणं सोडून देणं, मालकाची मालकीच नाकारणं अशी ठरावीक कारणं दाखवावी लागत. संस्थेची बाजू अशी की आमचा करार या कुटुंबाशी, शेतातला माणूस आमचा कोणी नाही, तो परका. हे ठरवायला साक्ष हवी होती ती थोरल्या आजोबांची.

साक्षीच्या आधीच्या रात्री घरात जे झालं ते आजीनं एका तऱ्हेनं सांगितलं आणि आत्यानं दुसऱ्या. दोघींच्या सांगण्यात एवढं समान होतं: कुंभकोणमहून एक नातलग आले होते, कोर्टकचेऱ्यांतले माहीतगार. त्यांनी सल्ला दिला की जमीन आपणच कसत होतो आणि तो माणूस आपला पण्णैयाळ होता, मजुरीवर, असं सांगा. मग आपणच कूळ ठरतो, आणि जमीन संस्थेलाही काढता येणार नाही. वीस एकर कायमचे. आजी म्हणे की तिनं हात जोडून सांगितलं, मुलांकडे बघा. आत्या म्हणे की आजी काहीच बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याचाच थोरल्या आजोबांना जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यानं विचारलं, नांगर कोणाचा? त्याचा. रोपं कोण लावतं? त्याची बायको, सुना आणि वाडीतल्या बाया. खंड कोणी दिला? त्यानं मला, मी संस्थेला. पावत्या? आहेत. तुम्ही कधी नांगर धरला आहे का? नाही, मी कधीही नांगर धरलेला नाही.

या उत्तरानं आमचं घर कायद्याच्या भाषेत ‘नुसता मध्यस्थ’ ठरलं, आणि ते कूळ संस्थेचं थेट कूळ झालं. त्याच खंडानं, त्याच बांधात, फक्त मधलं घर वजा होऊन.

मला थोरल्या आजोबांच्या या साक्षीबद्दल नितांत आदर वाटतो. ते काही क्रांतिकारक नव्हते. त्यांच्या आयुष्यात जातीचे सगळे विटाळ आणि मानपान होते, आणि साक्ष देऊन आल्यावरही ते कूळ पायऱ्यांच्या खालीच उभं राहिलं असणार. पण खोट्या शपथेनं गरिबाच्या तोंडचं काढायचं नाही, ही रेघ त्यांनी ओलांडली नाही. विचारल्यावर त्यांनी मला उत्तर दिलं ते १८५५ चं. ‘वरच्याचं सरलं म्हणून खालच्याला पुसून टाकायचं, हे कंपनीनं आपल्याला केलं. तेच मी त्याला करू?’ वाड्याची मालमत्ता आणि कुळाचा ताबा यांची बरोबरी होत नाही, हे त्यांनाही कळत असावं. तरी घराण्यात जपलेली एक जुनी भीती दुसऱ्याच्या भीतीची ओळख पटायला उपयोगी पडली, आणि घराण्यांच्या आठवणींचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

महाराष्ट्रातही हाच प्रश्न त्याच वर्षांत विचारला जात होता. १९४८ च्या मुंबई कुळकायद्यानं दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्याला कूळ मानलं, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरवून कुळांना मालक केलं. त्या कायद्याखालचा डाह्या लाला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. गहाणदारानं जमिनीवर कूळ बसवलं होतं. मालकानं गहाण सोडवलं. गहाण सुटलं, गहाणदाराचा हक्क संपला, मग त्यानं बसवलेलं कूळ उठायला हवं की नको? न्यायालय म्हणालं, नको. बसवलं तेव्हा ते कायदेशीरपणे बसलं होतं, आणि कायद्यानं त्याला मालकाचं कूळ केलं आहे.

शहरांत जमिनीच्या जागी खोली आली. माझ्या धाकट्या आत्याचं सासर गिरगावात, चाळीतल्या एका खोलीत, पोटभाडेकरू म्हणून. तंजावरात माहेरची मंडळी मधली म्हणून उठली, आणि मुंबईत त्याच घरची मुलगी खालची म्हणून जीव मुठीत धरून राहत होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या १४ व्या कलमानं सांगितलं होतं की मूळ भाडेकरूचा हक्क कोणत्याही कारणानं संपला, तरी रीतसर ठेवलेला पोटभाडेकरू त्याच अटींवर मालकाचा भाडेकरू होईल. अडचण ‘रीतसर’ या शब्दात होती, कारण त्याच कायद्यानं पोटभाड्यानं देण्यालाच बंदी केली होती. युद्धानंतरच्या आणि फाळणीनंतरच्या मुंबईत खोली मिळणार कशी, तर पोटभाड्यानंच. हजारो संसार बेकायदा ठरत होते. शेवटी २१ मे १९५९ ला वटहुकूम आला आणि त्या दिवशी ताब्यात असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण मिळालं. आत्याचे सासरे ते वर्तमानपत्राचं पान घडी करून रेशनकार्डाबरोबर ठेवत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात २५ वं कलम तोच धागा पुढे नेतं: पोटभाडं रीतसर असेल तर वरचा गेला तरी खालचा टिकतो.

तंजावरकडे परत येतो, कारण तिथली गोष्ट पोटकुळापाशी संपत नाही. थोरल्या आजोबांच्या साक्षीत ‘वाडीतल्या बाया’ येऊन गेल्या, आणि कोणी त्यांच्याबद्दल पुढचा प्रश्न विचारला नाही. रोपं लावणाऱ्या, कापणी करणाऱ्या त्या दलित बायका आणि त्यांचे पुरुष कोणाच्याच करारात नव्हते. मूळ करारात नाहीत आणि पोटकरारातही नाहीत. ज्याचं कुळपणही नाही त्याचं संरक्षण हा कायदा कसा करणार? त्यांनी मजुरीत वाढ मागितली तेव्हा काय झालं हे सगळ्या देशाला माहीत आहे. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्याच्या पूर्व भागात, कीळवेण्मणी इथे, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री एका झोपडीत जीव वाचवायला शिरलेली ४४ माणसं जाळून मारली गेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. त्यानंतर १९७१ मध्ये कुडियिरुप्पु कायदा आला आणि शेतमजुराला निदान त्याच्या झोपडीखालची जमीन मिळाली. आमच्या घरी पोटकुळाची गोष्ट न्यायाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिच्या खाली आणखी एक मजला होता, आणि तिथे उजेड पोचायला आणखी कितीतरी वर्षं आणि ते ४४ जीव लागले.

पोटकुळाच्या सुनेला मी तिच्या म्हातारपणी भेटलो. आमच्या घराचं नाव सांगितल्यावर ती हसली आणि म्हणाली, तुमच्या थोरल्यांनी खरं सांगितलं, पण माझ्या सासऱ्यांनी दोन वर्षं खंडाच्या पावत्या उशीखाली ठेवून झोप काढली, तेही सांगत जा. तिच्या कुटुंबात ही गोष्ट आमच्या साक्षीची नाही, त्यांच्या पावत्यांची आहे. सासऱ्यांना लिहिता येत नव्हतं, तरी मळणीनंतर पावती घेतल्याशिवाय ते खळ्यावरून हलत नसत. कोणी हिणवलं तरी हलत नसत. त्या कागदांवर थोरल्या आजोबांच्या सह्या होत्या, म्हणून साक्षीत त्यांना खोटं बोलायला फारशी जागाही नव्हती, असंही ती म्हणाली. मला ते पटलं. आमच्या घरातल्या कथेत पावत्या एका शब्दात उरकल्या जात. तिच्या घरात ती दोन वर्षं होती.

१९६९ मध्ये कुळांच्या हक्कांची नोंद करण्याचा कायदा झाला, तेव्हा गावाच्या नोंदवहीत तिच्या सासऱ्यांचं नाव कसणारं कूळ म्हणून चढलं. ती म्हणाली, त्या दिवशी घरात पायसम् केलं होतं.

आता त्या जमिनीवर तिचा नातू नाही. तो तिरुप्पूरला कापडाच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. नोंदवहीत नाव अजून त्यांच्याच घराचं, आणि शेत कसतो तो पलीकडच्या गल्लीतला एक माणूस, उळ्कुत्तगैनं, तोंडी. दर एकराला इतक्या पिशव्या भात, पूर आला तर बघू, असा करार. मी त्या माणसाशी बांधावर बोललो. सरकारी खरेदी केंद्रावर भात घालायचा तर अडंगलचा, म्हणजे पीकनोंदीचा, उतारा लागतो आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. पीकविमा आणि पुराची भरपाई ज्याच्या नावावर त्याला. गावच्या अधिकाऱ्याकडून दाखला काढून कधी निभावतं, कधी निभावत नाही. डेल्टात आता असे कितीतरी आहेत. मालक चेन्नईत किंवा परदेशात, कूळ शहरात, आणि चिखलात उभा राहणारा कुठल्याच कागदात नाही. कायदा आपल्याला जमिनीत अडकवेल या भीतीनं वरचे कागदच करत नाहीत. ज्या कायद्यानं त्या म्हातारीच्या सासऱ्यांना तारलं, त्याच कायद्याच्या धाकानं या माणसाला पावती मिळत नाही.

मी त्याला व्याख्येतलं ते वाक्य तमिळमध्ये सांगितलं. देणाऱ्याचा हक्क संपला तरी अंगमेहनतीनं कसणारं पोटकूळ हे कूळच आहे, तहसीलदाराकडे अर्ज कर, तुझं नाव नोंदव, निदान खंडाची पावती तरी माग, असं म्हणालो. त्यानं नीट ऐकून घेतलं. पाटाचं दार थोडं वर उचलून त्यानं पाणी पुढच्या वाफ्याला सोडलं आणि विचारलं, ‘नाव नोंदवलं तर पुढच्या कुरुवैला मला जमीन कोण देईल?’ मी म्हणालो, कायद्यानं तुला काढता येणार नाही. तो म्हणाला, ‘ही नाही काढणार. पण बाकीचे पाच एकर मी आणखी दोन घरांकडून घेतलेत. ते घेतील की काढून.’ मग त्यानं कुंभकोणमला असा अर्ज कोणाकडे द्यायचा असतो, त्या कचेरीचं नाव विचारलं. मी ते तमिळमध्ये लिहून दिलं, आणि खाली १९५५ आणि १९६९ ही कायद्यांची वर्षंही लिहिली.